टाचण्यांचा काय दोष

माझ्या तोंडाला आग लागली आणि सगळ्यांनी दोष दिला टाचण्यांना. शिवणकामात दोन्ही हात कापडात अडकलेले, म्हणून टाचण्या ओठांत धरायच्या. मी आणि माझ्या धाकट्या जावेने उभा जन्म एकाच दुकानात असा काढला, टाचण्या ओठांत आणि दिवसभर भांडण!

गेल्या वर्षी जाऊ गेली. मी रडले नाही. म्हटलं, चला, कटकट गेली. मग जीभ जळायला लागली, मिरची चोळल्यासारखी. पाणीसुद्धा झोंबे. झोप उडाली, जेवण सुटलं, कात्री हातात धरवेना.

पुतण्याने, म्हणजे तिच्या मुलाने, टाचण्यांची डबीच उचलून नेली. दातांच्या डॉक्टरने चांगली दाढ उपटली. रोगापेक्षा इलाज भयंकर! शेवटी पुतण्या म्हणाला, "मोठी आई, तुला झेपत नाही. दुकान देऊन टाकू." मी मान डोलावली. मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

त्यानेच मला आणखी एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी जीभ पाहिली. "वरून काही दिसत नाही, पण जळतं हे खरं आहे. दिवसभर बोलता कुणाशी?"

"कुणाशी बोलू? जिच्याशी बोलायचे ती गेली की!" म्हटलं आणि तिथेच ढसाढसा रडले.

"हे नैराश्य आहे. उतारवयात कधी कधी ते असं तोंडात येऊन बसतं."

"म्हणजे मी वेडी?"

"वेड्या नाही, आजारी. आणि हा आजार बरा होतो."

गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बाईंशी बोलणंही. आग लगेच विझली नाही. पण झोप आली, भूक आली आणि एके सकाळी मी दुकान उघडून एका कोटाला अस्तर लावायला बसले.

दुपारी पुतण्या गिऱ्हाईक घेऊन आला, दुकानाचं. त्या माणसाने भिंती मोजल्या आणि जावेच्या मशीनवर थाप मारली. "हे भंगारात काढू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हात काढ आधी! आणि तू रे मेल्या, मला न विचारता दुकान विकतोस?"

"तूच हो म्हणाली होतीस..."

"ती मी नव्हते, तो आजार होता! दुकान विकायचं नाही!"

गिऱ्हाईकाने काढता पाय घेतला. पुतण्या डोळे पुसत हसत होता. "मोठी आई, वर्षभराने ओरडलीस गं!"

"आता रोज ओरडेन. बस आईच्या मशीनवर, ही बाही जोड."

गाढवाने बाही उलटी जोडली. मी सगळी उसवायला लावली.