एकशे बारा आश्रयदाते

तुम्ही माझं पुस्तक जाळलं असतंत तर मी समजू शकलो असतो. मला बांधून मारलं असतंत तरी हा कागद लिहायला बसलो नसतो. तुम्ही ते विकत घेतलंत. छापील किमतीला, रोख, एका आण्याची सूट न मागता. तीनशे प्रती घेतल्यात आणि एकही वाचली नाहीत. तुमचा गुन्हा हा आहे.

तुमचं नाव मी लिहीत नाही; जव्हार संस्थानचे कारभारी, एवढं पुरे. या डोंगरात नाव कागदावर गेलं की काय होतं ते मी पाहिलं आहे.

मी राघो. वांगणीच्या खालच्या पाड्यावर राहतो. मला जमीन नाही, बापालाही नव्हती. शाळा म्हणाल तर सागाचे ओंडके. लाकडाच्या वखारीत ओंडक्याच्या तोंडावर हातोड्यानं अक्षरं उठवतात, माल कुणाचा आणि कुठल्या जंगलाचा ते कळावं म्हणून. आठ वर्षं ती अक्षरं मी खांद्यावर वाहिली आणि एक दिवस वाचायला लागलो. मुनीम म्हणाला, "बरं झालं, आता ओंडकाही बोलायला लागेल." ओंडका बोलला नाही. मी लिहायला लागलो. वेठबिगारीवर गेलेल्या आठ माणसांच्या आठ गोष्टी झाल्या. त्या बासनात बांधून त्र्यंबकचा घाट चढलो आणि नाशकाला छापखान्यात गेलो.

छापखानेवाल्यानं कागदावर आकडे मांडले. चार फर्मे म्हणजे चौसष्ट पानं, तीनशे प्रती, कागद, छपाई, बांधणी, सगळे मिळून बहात्तर रुपये. माझ्याकडे सोळा होते.

"दुकानदार विकेल ना?" मी विचारलं.

"विकेल. शेकडा तेहेतीस त्याचे. उरलेल्या प्रती तुमच्या गळ्यात, आणि पाठवायचा खर्चही तुमचाच. तुमचं नाव कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग आधी आश्रयदाते जमवा. आठ आणे आगाऊ घ्यायचे आणि त्यांची नावं पुस्तकाच्या शेवटी छापायची. नाव छापतो म्हटलं की माणूस खिशात हात घालतो, राघोबा."

"आमच्याकडे अंगरखेच नाहीत, तर खिसे कुठले?"

तो हसला. मी हसलो नाही.

तरी पाडे फिरलो. पहिला पाडा वावरचा. मानमोडीचा ताप येऊन गेल्याला दीड वर्ष झालं होतं. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही वरती आकडे कळवले होते. वावरला रूपी म्हणून बाई आहे. तिचा नवरा सोम्या तुमच्या बिगारीवर असताना तापला आणि रस्त्याच्या कडेलाच मेला. तो डावरा. ओंडका ओढताना सगळे दोर उजव्या खांद्यावर घेत, हा डाव्या खांद्यावर, आणि मुकादम रोज त्याला शिव्या घालायचा.

मी रूपीला पुस्तकाचं सगळं सांगितलं. ती नागली पाखडत होती, पाखडतच राहिली.

"माझा नाव कशाला?" ती म्हणाली. "मी हाय ना हिथं. त्यांचा घाल."

"कुणाचा?"

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. शेजारची गोदी दारातून ओरडली, "अरं, सोम्याचा! सोम्याचा घाल म्हणते ती. चिरा कुठं उभा केलाय त्याचा? बोकड कोन देईल, तू?"

चिरा म्हणजे मेलेल्याच्या नावाची लाकडी फळी. तिच्यावर चंद्र, सूर्य आणि घोड्यावर बसलेला माणूस कोरतात. ती उभी केली की मेलेल्याला जागा मिळते. पण सुतार लागतो, बोकड लागतो, पाडा जेवू घालावा लागतो. त्या साली एवढे मेले की फळ्या कोरणारेही उरले नाहीत. सगळे तसेच, बिनजागेचे.

चिऱ्याला वीस रुपये. माझ्या पुस्तकात आठ आणे.

हे लिहायला मला लाज वाटत नाही: मला त्या क्षणी आनंद झाला. गिऱ्हाईक सापडलं होतं. नाशकाच्या दुकानदाराला जे कधी सुचलं नसतं ते गिऱ्हाईक. लोकांनी नागली दिली, हिरडा दिला, डिंक दिला, मध दिला. तो सगळा माल मी मोखाड्याच्या बाजारात विकला. मोखाडा इंग्रजी मुलखात, तिथं तुमचा माणूस आडवा येत नाही. एकशे बारा नावं, छप्पन्न रुपये. त्यांतली त्रेचाळीस एकट्या वावरची.

छापखानेवाल्यानं यादी पाहिली. "हे आश्रयदाते आहेत की मेलेले?"

"दोन्ही."

"मग वाचणार कोण? बरं, नावांआधी 'कै.' लावू?"

"नको. लावलंत तर ते गेले असं होईल."

पुस्तकं आली. आमचा भगत लाडक्या म्हणाला, सगळ्यांना एकाच दिवशी वाट, नवं भात घरात आल्यावर, नाहीतर मेलेले आपापसांत भांडतील. म्हणून गठ्ठे माझ्या झोपडीत ठेवले. एक प्रत तेवढी वावरला नेली आणि चिऱ्यांच्या जागेवर भर दुपारी नावं वाचून दाखवली. नावं वाचणं म्हणजे हजेरी, एवढंच आमच्या लोकांना ठाऊक. मी नाव घेतलं की त्या घरचं माणूस हात वर करी आणि म्हणे, "हाय."

जिव्या नावाचा एक होता. त्याचं घर अख्खं मानमोडीत गेलेलं. त्याचे आठ आणे पाड्यानं भरले होते. मी "जिव्या" वाचलं आणि बोट पुढच्या नावावर नेलं, कारण हात वर करायला कुणीच नव्हतं.

"हाय," आवाज आला.

जुन्या चिऱ्यांच्या मागून आला. बसका, खोकून आल्यासारखा. कुणी वळून पाहिलं नाही. रूपीनं डोक्यावरचा पदर नीट केला. लाडक्या खाली मान घालून म्हणाला, "पुढं वाच."

मी वाचलं. छाती फुगली होती. माझं पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

आठ दिवसांनी तुमचा कारकून माझ्या दारात आला. काळी टोपी, हातात माझं पुस्तक. वावरला वाचून तिथंच ठेवलेली ती एक प्रत, पाड्यावरून उचलून आणलेली.

"किती छापलीस, राघ्या?"

"तीनशे."

"सगळी देऊन टाक. दीडशे रुपये रोख."

"एकशे बारा माझी नाहीत, रावसाहेब. लोकांचे पैसे आलेत."

"तीनशेच्या तीनशे, नाहीतर एकही नको. अरे, त्यांच्यासाठी दुसरी आवृत्ती काढ की. पैसा हातात असेल. पहिली आवृत्ती महिन्यात संपली असं नाशकात सांगशील तर छापखानेवाला उठून उभा राहील."

मी विचारलं, "गोष्टी आवडल्या काय?"

"गोष्टी कोण वाचतो? मागची पानं पाहिली. वावरला मानमोडीनं अकरा गेले असं वर कळवलंय. तुझ्याकडे त्रेचाळीस दिसतात."

"ती मेलेल्यांची यादी नाही," मी शहाणपणानं म्हणालो. "आश्रयदाते आहेत."

"मग तर हरकतच नाही," तो म्हणाला आणि त्यानं रुपये मोजले.

दुसरी आवृत्ती. या दोन शब्दांवर मी एकशे बारा माणसं विकली. तुमच्या कारकुनानं फसवलं असं म्हणून सुटणार नाही मी. गठ्ठे मीच उचलून त्याच्या गाडीत ठेवले.

नाशकाला गेलो तेव्हा छापखानेवाला उठून उभा राहिला नाही. जुळवलेली अक्षरं सोडून खोक्यात भरली होती. माझं हस्तलिखित तुमचा माणूस घेऊन गेला होता, लेखकानंच मागवलंय असं सांगून. "तुमचं काम आता घेता येणार नाही," तो म्हणाला. शेजारच्या दोन छापखान्यांनीही तेच सांगितलं, त्याच शब्दांत.

नावं मला पाठ होती. वावरची सगळी हातानं लिहिली आणि चिऱ्यांच्या जागेवर पुन्हा वाचली. जित्यांनी "हाय" म्हटलं. जिव्याचं नाव घेतलं आणि थांबलो. पुन्हा घेतलं. काही नाही. झाडावर कावळा होता, तोही गप्प.

लाडक्या उठला. "हिथं कोन नाय आता. जिथं पुस्तक तिथं ते."

रूपीनं विचारलं, "केवढ्याला इकलंस, राघूदादा?"

"आठ आण्याला."

"मी बी आठ आनंच दिलं होतं."

तिनं एवढंच म्हटलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दीडशे रुपये कनवटीला लावून जव्हारला आलो. तुमच्या अंगणात बिगारीची हजेरी चालू होती. अंगणाच्या कडेला ती खोली आहे, लोखंडी पट्ट्यांच्या दाराची, मोठ्या कुलपाची; माझे गठ्ठे तिथंच कोंडलेले. कारकून नावं घेत होता.

"काळ्या."

"हाय," समोरचा काळ्या म्हणाला.

"हाय," दाराआडून आलं.

कारकुनानं वर पाहिलं. "कोण रे तो चावट?" मग त्यानं पुढचं नाव घेतलं. "वाळू."

"हाय." आणि दाराआडून, "हाय."

आमच्याकडे नावं थोडी आणि माणसं पुष्कळ. एकेका नावाचे पाच-पाच. ज्याचं ज्याचं नाव अंगणात घेतलं जाई त्याचा त्याचा मेलेला जोडीदार आतून ओ देत होता. उभे असलेले लोक एकमेकांना चिकटले. सकाळचं लख्ख ऊन होतं.

मी पुढं झालो आणि पैसे पायरीवर ठेवले. "रावसाहेब, हे घ्या. पुस्तकं परत द्या."

"विकलेला माल परत? वेडा आहेस काय?"

"आत माणसं आहेत."

"उंदीर आहेत."

मग मी माझी दुसरी चूक केली. कमरेचा कागद काढला आणि दाराकडे तोंड करून वावरची नावं मोठ्यानं वाचली. वाटलं, आपली हाक ऐकून निघतील, माझ्या मागून घरी येतील. प्रत्येक नावाला उत्तर आलं. मी बोटांवर मोजत होतो. "सोम्या" म्हटल्यावर जे "हाय" आलं ते ओळखीचं होतं. त्रेचाळीस नावं, त्रेचाळीस "हाय".

वाचून झालं तेव्हा मागं लेखणीची कुरकुर ऐकू आली. कारकून खाली बसून लिहीत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, हात मात्र चालू होता.

"काय लिहिता?"

"हजर आहेत ना?" तो म्हणाला. "मग हजेरीपटावर घ्यायला नको?"

मी पैसे उचलले. ते गार लागले.

आता पुढचं तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे. ज्या ओंडक्याला बारा माणसं लागायची त्याला तुम्ही पाच बोलावता. लोक म्हणतात, दया आली. मी रस्त्यावर जाऊन पाहिलं. पाच जिते दोराला होते आणि त्यांच्या पुढं दोर हवेत ताठ होता. खांद्याच्या उंचीवर, कुणाच्याही खांद्यावर नाही. सगळा दोर उजव्या अंगानं चालला होता. अगदी टोकाचा एक फास तेवढा डाव्या अंगाला.

रूपी तिथं होती. हातात पाण्याचा भोपळा. त्या फासाशेजारून ती चालत होती, घरच्या माणसाबरोबर चालावं तशी. घाटाच्या तोंडाशी ती पुढं होऊन उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा, सगळ्यांदेखत, तिनं त्याचं नाव घेतलं.

"सोम्या! घरी चल!"

दोर ढिला पडला. मी डोळ्यांनी पाहिलं. फास खाली आला, कुणीतरी खांदा वळवावा तसा तिच्याकडे वळला. पाचही जण जागीच थांबले. तेवढ्यात मागून मुकादमानं हजेरीपट उघडला आणि तेच नाव वाचलं.

"हाय," उत्तर आलं, आणि दोर पुन्हा ताठ झाला.

रूपी आता रोज जाते. पाणी नेते. भोपळा परत येतो तेव्हा रिकामा असतो.

मला छापखाना नाही. हा कागद हातानंच लिहिला आहे. एक प्रत तुम्हाला, बाकीच्या मोखाड्याच्या बाजारात फुकट वाटणार आहे, म्हणजे या खेपेला विकत घ्यायला तुम्हाला काही उरणार नाही. दीडशे रुपये होते तसे आहेत. कारकुनाला पाठवा आणि मोजून न्या.

पण त्याआधी हे सांगा. वावरला अकराच मेले असतील, तर तुमच्या हजेरीपटावरचे बाकीचे बत्तीस कोण? त्रेचाळीस मेले असतील, तर मेलेल्या माणसाला बिगारीला लावायचा हुकूम कुणी काढला? आणि सोम्याचं नाव तुमच्या पटावरून खोडून ते दार तुम्ही कोणत्या दिवशी उघडणार? वार सांगा. रूपीला मी उद्या सकाळी काय सांगू? उत्तर द्या.