कंट्रोलची काच

“डॉक्टर, तो रिपोर्ट थांबवा,” मी दारातूनच म्हणाले. “माझ्या हातून घोळ झालाय.”

आमच्या लॅबमध्ये प्रेशर कुकर आहे. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन त्यात तापवला, की मगच पेशींवरचे रिसेप्टर रंग धरतात. काल एका ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरची गाठ आली होती; तिच्यात गडद रंग म्हणजे ती आक्रमक असल्याची शंका. सोबत हमखास रंगणारी एक काच घालतात, ती कंट्रोल. आधी ती बघायची, मग पेशंटची. तीस वर्षांत हा क्रम मी मोडला नव्हता. काल कुकरची रिंग सैल होती, वाफ कोंडलीच नाही, आणि घाईत मी ड्रायव्हरची काच तेवढी पुढे दिली. कोरी, म्हणजे चांगली. कंट्रोलही कोरी होती, हे मी आज पाहिलं.

“मी त्यांना सांगून बसलोय,” डॉक्टर म्हणाले. “वरवर काढलं की झालं म्हणून.”

ड्रायव्हर बायकोसोबत बाहेर बाकावर होता, डाव्या डोळ्याखालच्या जखमेला पट्टी. सांगायला मीच गेले.

“दादा, चूक माझी आहे. तपासणी पुन्हा करावी लागेल.”

“अहो, कालच घरोघरी फोन केले आम्ही,” बायको म्हणाली.

त्याने तिच्या हातावर हात ठेवला. “करा ताई. सावकाश करा.”

नवी रिंग घातली. या वेळी दोन्ही काचा रंगल्या, त्याची जास्तच गडद. मग स्कॅन झाला. गाठ डोळ्याच्या खोबणीत शिरली होती. डोळा काढावा लागला, पण काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या. तेही काप मीच केले.

दोन महिन्यांनी दोघं लॅबमध्ये आले. मला वर बघवेना.

“तुम्ही बोललात म्हणून हे आहेत,” बायको म्हणाली. “आता माझ्या चुका अर्ध्याच दिसतात त्यांना. मजेत चाललंय.”

तो हसला. “गाडी गेली हातची. पण ताई, तुम्ही गप्प बसला असतात, तर आम्हाला कुठून कळणार होतं?”

त्या बाकावर त्याने मला चार शब्द सुनावले असते, तर पुन्हा कुकरला हात लावायचा धीर झाला नसता. ते मी त्याला सांगितलं.

“असू दे हो. ती गाठ बघायला मिळेल का?”

मी काच मायक्रोस्कोपखाली लावली. तो सवयीने दोन्ही भिंगांवर वाकला. मी उजवं भिंग त्याच्यासाठी जुळवून दिलं.