चौथा ठोका

मी काशाचा तराजू बोलतोय, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे!

जन्मल्यापासून मी मूठभर जवसुद्धा तोलले नाहीत. रोममध्ये बैल, शेत, गुलाम दुसऱ्याच्या हाती जायचा असला की पाच साक्षीदार जमतात. आणखी एकजण मला उचलून धरतो. घेणारा मालावर हात ठेवून म्हणतो, "हे माझं," आणि काशाचा तुकडा माझ्यावर वाजवतो. ठण्ण! झाला मालक. तोलायचंय कुणाला?

पोटचा मुलगाही असाच विकतात. कैसो कुंभार एका पोरीचा बाप, पण त्याचा स्वतःचा बाप वोपिस्कस जिवंत. म्हणून भट्टी वोपिस्कसची, मडकी वोपिस्कसची आणि कैसोही त्याचाच. बापाने तीनदा विकलं, तरच मुलगा त्याच्या ताब्यातून सुटतो. असला हा कायदा!

म्हातारा कसाबसा तयार झाला. काल शेजारच्या ओपितरने कैसोचा दंड धरला. ठण्ण! नावापुरता विकत घेतला, सोडला, की कैसो परत बापाचा. पुन्हा ठण्ण! पुन्हा परत. तिसऱ्यांदा मात्र तो कायमचा सुटला. ढसाढसा रडला बिचारा. मीही खुळ्यासारखा खूश झालो.

"चल गं वेत्तिया, आता आपली वेगळी भट्टी लावू," म्हणत त्याने पोरीला कडेवर घेतलं.

"तिला खाली ठेव," वोपिस्कस म्हणाला.

"का, बाबा?"

"सुटलास तू. ती तू माझ्या ताब्यात असताना जन्मली. ती माझी."

"अहो, माझी पोर आहे ती!"

"असेल. विचार या पाचजणांना."

त्यांतला एकजण वहाणांकडे बघत पुटपुटला, "खरंय ते. नातीसाठी वेगळा ठोका लागतो. तिला आधी सोडवायचं होतंस."

अरे मेल्यांनो, मग आधी तोंडाला काय कुलूप लागलं होतं? म्हणे, आम्हाला कुणी विचारलं नाही! बाप सुटला की पोरही सुटेल, असं त्या भाबड्याला वाटलं होतं. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. त्याने रडणाऱ्या पोरीला ओढत घरात नेलं.

मला पुन्हा खुंटीला टांगलं. आज सकाळी कैसो एकटाच आला. त्याने खापराचा तुकडा उचलला आणि माझ्यावर हाणला. ठण्ण! "माझी," तो म्हणाला. "माझी आहे ती."

साक्षीदार नव्हते, म्हातारा नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खऱ्यासाठी वाजलो, आणि तेवढंच कायद्याला ऐकू गेलं नाही.

वोपिस्कस, मुलाला तीन लागतात, नातीला एकच ठोका पुरतो रे. एकच!