सुचिताच्या गावाचं माप

मी एक जुना टेप आहे, मित्रांनो. शिंप्याच्या गळ्यात असतो ना, तोच. साठ इंचांचा, पिवळा. माझे पहिले सहा आकडे आता पुसले आहेत.

जानेफळच्या निवृत्ती शिंप्याने मला मेहकरच्या बाजारातून आणले. त्या दिवसापासून मी त्याच्या गळ्यात राहिलो. शाळेचे गणवेश, नवरदेवांचे कोट, बायकांची पोलकी, सगळ्यांची मापे मीच घेतली. "निवृत्तीचं माप चुकत नाई," असे लोक म्हणत, तेव्हा मला वाटे, हे कौतुक थोडे माझेही आहे.

निवृत्तीची एकुलती मुलगी सुचिता नर्स झाली आणि नोकरीसाठी मेलबर्नला निघाली. जाण्याआधी तिने नकाशाचे पुस्तक उघडून बापाला ते शहर दाखवले.

"किती लांब हाये व हे?" निवृत्तीने विचारले.

"मुंबईपासून नऊ हजार आठशे किलोमीटर, बाबा. पण विमानानं साडेबारा घंटेच लागतात."

निवृत्तीने मला नकाशावर धरले. मुंबई ते मेलबर्न, साडेतीन इंच. तो हसला. "मंग काय लांब हाये? आपल्या एस्टीलेबी मुंबईले जायाले बारा घंटे लागतात."

त्याची बायको गोजरबाई मात्र हसली नाही.

सुचिताने तिकडेच लग्न केले. तिला मुलगी झाली, राखी. पहिल्या वाढदिवसाला निवृत्तीने फोनवरच नातीचे माप विचारले आणि गुलाबी फ्रॉक शिवला. पार्सल पोचायला महिना लागला. फोनच्या पडद्यावर फ्रॉक घातलेली राखी दिसली.

"मस्त बसला, बाबा!" सुचिता म्हणाली.

तेवढ्यात पोर वळली. पाठीची बटणे उघडीच होती. गोजरबाईने ते पाहिले. निवृत्तीनेही पाहिले.

त्यानंतरच्या प्रत्येक फ्रॉकला निवृत्ती आतून दोन-दोन इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवू लागला. तरी पोर त्या कापडाच्या पुढेच धावायची. दरवर्षी सुचिता म्हणे, "यंदा येतोच." कधी सुट्टी मिळत नसे, कधी तिकीट परवडत नसे. निवृत्ती दुकानात बसून मला बोटांभोवती गुंडाळी, ओढी आणि सोडी. माझे अंग ताणले गेले ते तेव्हाच.

राखी सहा वर्षांची झाली, तेव्हा त्या मायलेकी आल्या. पहिला पूर्ण दिवस ती आईच्या मागे लपून होती. दुसऱ्या दिवशी स्वतःच दुकानात आली आणि हात पसरून आजोबांपुढे उभी राहिली. निवृत्तीने मला तिच्या छातीभोवती धरले. आकडा दिसला, पण त्याने मला सोडलेच नाही.

"आबा, माप झालं?"

"थांब नं माय," तो म्हणाला, "अजून घेऊनच राह्यलो."

पंधरा दिवसांनी त्या परत गेल्या.

आता मी ताणल्यामुळे अर्धा इंच कमी दाखवतो, म्हणून निवृत्तीने नवा टेप घेतला आहे. मी खुंटीवर असतो. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमचे आजी-आजोबा लांब असतील, तर एकदा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहा. आणि त्यांनी जवळ धरले, की निघायची घाई करू नका.