चार तारा गप्प

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. पण तुमच्या ओळखीतल्या गिटारींसारखी नाही. माझ्या पोटावर मधोमध गोल भोक नाही. दोन बाजूंना दोन वळणदार चिरा आहेत आणि पोटही जरा फुगीर आहे. त्यामुळे पुष्कळ लोक मला व्हायोलिनची मावशी समजतात. मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. मोठ्या घराण्याशी कोणी आपणहून नातं जोडून देत असेल, तर आपण कशाला मोडता घालायचा?

एका अबोल कारागिराने मला जाड फळीतून कोरून काढलं. तो थोडं तासायचा, टिचकी मारायचा, कान लावायचा आणि पुन्हा तासायचा. कलिंगड घेताना तुमचे बाबा करतात ना, तसंच. फरक इतकाच, की आत काय आहे ते त्याला खरंच कळत असे.

त्याच्याकडून मी मामाकडे आले. मामाच्या वाद्यवृंदात एक गायक, एक ट्रम्पेटवाला आणि मामा एवढीच मंडळी. ढोल नाही, खालचे जाड सूर धरणारा बास नाही. हॉटेलात समोर जेवणारे लोक मोठमोठ्याने बोलत असत. तेव्हा मामाला एकट्यालाच सगळं व्हावं लागे. तो सहाही तारांवरून असा हात फिरवी, की माझ्या पोटातली धूळ चिरांमधून बाहेर येई. "सहा तारा आहेत ना? मग सहाही वाजल्या पाहिजेत," तो म्हणे. "एखादीला वगळलं तर तिला काय वाटेल?" एकदा एक पाहुणा म्हणाला, "तुमचा हात आहे की हातोडा!" मामा ही गोष्ट कौतुक म्हणून कितीतरी वर्षं सांगत होता.

पुढे मामाची बोटं आखडली आणि मी कपाटावर गेले. तारा गंजल्या. मामी माझ्या खुंट्यांवर ओले नॅपकिन वाळत घालू लागली. मित्रांनो, एका कलावतीची नॅपकिनच्या दांडीच्या जागी बदली झाली, आणि साधा निरोपसमारंभही झाला नाही.

मला खाली काढलं ते मामाच्या भाचीने. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चष्म्याच्या काड्या घट्ट करण्याच्या इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने तिने माझे सगळे सैल स्क्रू पिळले, नव्या तारा चढवल्या आणि मामाला म्हणाली, "शिकव." मामाला सूरबीर सांगता येत नव्हतं, हात सांगता येत होता. त्याने मामीचं नेलपॉलिश आणलं आणि माझ्या मानेवर ठिपके काढले. लालवर हे बोट, जांभळ्यावर ते बोट. भाची भराभर शिकली. कोणतं गाणं वाजवतेस, असं विचारलं तर ती सांगे, "लाल, लाल, जांभळं, लाल."

इथपर्यंत सगळं मजेत होतं. मग एका हॉलातल्या जॅझ वाद्यवृंदात गिटारची जागा रिकामी झाली.

जॅझमध्ये गाणं तेच असतं, पण वाजवणारे ते रोज नव्याने वाजवतात. म्हणून गाण्याची आतली रचना, म्हणजे हार्मनी, माहीत असावी लागते. भाचीला ती जागा हवी होती. चष्मे पुसताना, जेवताना, बस चुकल्यावर, तिच्या तोंडी तोच विषय. पण हॉलच्या मालकाच्या मनात दुसराच उमेदवार भरला होता. त्याची गिटार चकचकीत होती आणि तिच्या पेटीला चाकं होती. त्याच वाद्यवृंदात पियानो वाजवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी भांडून भाचीसाठी एक संधी मिळवली: आधी शिकायचं, मग मालकासमोर एक गाणं, बास. मामाने घरी जाहीर केलं, "नाही जमलं, तर गिटार बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावू. शोभून दिसेल." भिंतीवरच्या गिटारी मी पाहिल्या आहेत. पाहुणे येतात, एक तार ओढतात, "अरे, वाजते की!" म्हणतात आणि सोफ्यावर बसतात. आयुष्य संपलं.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी ठिपक्यांकडे पाहिलं.

"हे काय, हिला गोवर झालाय?"

"मामाने काढलेत. कुठली कॉर्ड कुठे ते कळतं."

"आणि पट्टी बदलली तर?"

भाची ठिपक्यांकडे बघू लागली.

मास्तर म्हणाले, "हे बघ पोरी. एकदम वाजणारे तीन-चार सूर, ती कॉर्ड. कॉर्ड म्हणजे एक माणूस. त्यातला पहिला सूर म्हणजे त्याचं आडनाव. तिसरा सूर त्याचा मूड सांगतो, हसरा की रडका. सातवा सांगतो तो बसणार आहे की निघणार आहे. पाचवा म्हणजे जावयाचा मित्र. आला तर चहा, नाही आला तर बरंच."

"आणि आडनाव मी मोठ्याने सांगायचं?"

"मुळीच नाही. ते बासवाला सांगतो. त्याने सांगितल्यावर तू पुन्हा ओरडलीस, तर तो तुझ्याकडे असा बघेल की जेवण जाणार नाही."

मग त्यांनी गाण्याची वाट शिकवली. पट्टीतल्या दुसऱ्या सुरावरची कॉर्ड म्हणजे आपण गल्लीच्या तोंडाशी आलो. पाचव्या सुरावरची म्हणजे दारात उभे राहून किल्ली शोधतोय. पहिल्या सुरावरची म्हणजे घरात. दोन, पाच, एक. "आता सांग, घर बदललं, दुसऱ्या भागात राहायला गेलीस, तर आधी घरात शिरून मग गल्लीत येशील का?"

"नाही."

"मग पट्टी बदलली म्हणून घाबरतेस कशाला? घर शोध. गल्ली आणि दार त्याच्या शेजारीच असतात."

मास्तरांनी तिला माझ्या मधल्या दोन तारांवर फक्त तिसरा आणि सातवा सूर धरायला लावलं. काय गंमत सांगू! गल्लीतून दारात जाताना एक बोट जागेवरच राहतं, दुसरं फक्त एक पडदा, म्हणजे मानेवरची धातूची एक रेघ, खाली सरकतं. दारातून घरात जाताना सरकलेलं थांबतं आणि थांबलेलं सरकतं. एवढ्या कमी हालचालीत एवढं मोठं घर येतं, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण घरी आली की मामा म्हणे, "हे काय, दोन तारांवर टिचटिच? चार तारा काय उपाशी ठेवायच्या?" आणि भाची पुन्हा सहाही तारा झोडू लागे. मास्तरांचं पटायचं, मामाचं मोडवत नसे.

परीक्षेच्या दुपारी आम्ही हॉलवर पोचलो. खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. मागच्या रांगेत मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. बास वाजवणारे काका आपल्या वाद्याशेजारी उभे होते. त्यांना सगळे 'खांब' म्हणत, कारण ते हलत नसत. चाकांच्या पेटीवालाही दाराशी येऊन बसला होता. मालक घड्याळ बघत होता. आत येतानाही आणि बसल्यावरही.

गाणाऱ्या बाई आल्या त्या गळ्याला मफलर गुंडाळूनच.

"मास्तर, घसा बसलाय. एक सूर खाली घ्या."

"घेऊ," मास्तर म्हणाले. खांबकाकांनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

भाचीने माझ्या मानेकडे पाहिलं. लाल ठिपके, जांभळे ठिपके, सगळे एका सुराने चुकीचे झाले होते. "पाणी पिऊन येते," असं म्हणून ती मला घेऊन मागच्या बोळात गेली आणि तिने माझ्या खुंट्या फिरवायला सुरुवात केली. सगळ्या तारा एक सूर खाली! म्हणजे बोटं ठिपक्यांवरच राहतील आणि गाणं आपोआप उतरेल. युक्ती हुशारीची होती. पण मित्रांनो, मी म्हातारी आहे. सहा तारांच्या ओढीवर माझी मान तोललेली असते. जाड तार सैल केली, पुढच्या केल्या, की मान मागे सरते आणि आधी उतरवलेल्या तारा हळूच पुन्हा चढतात. मला ओरडून सांगायचं होतं. पण आमच्या जातीला कोणी छेडल्याशिवाय बोलता येत नाही.

गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीला माझ्या जाड तारा बासशी भांडल्या. दोघेही एकच आडनाव सांगत होते, पण दोन वेगळ्या उच्चारांनी. खांबकाकांनी पहिल्यांदाच मान वळवली. लोकांनी खांब हललेला पाहिला. दुसऱ्या ओळीला बाईंनी कानावर हात ठेवला. मास्तरांनी पियानो थांबवला.

"तारा उतरवल्यास?"

"हो," भाची म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

चाकांच्या पेटीवाल्याने पेटीची एक कडी उघडली. टक्.

"झालं का?" मालक म्हणाला. "मला पुढे कामं आहेत."

"आणि मास्तर," बाई खाकरल्या, "घसा आणखी बसलाय. अजून अर्धा सूर खाली."

सहा तारा पुन्हा चढवायला वेळ नव्हता. ठिपक्यांचा तर आता कशाशीच संबंध उरला नव्हता. मला बैठकीच्या खोलीतली भिंत दिसू लागली.

मग ती म्हणाली, "मास्तर, दोनच तारा लावून घेते. मधल्या. मला त्यांचे सूर द्या."

मास्तरांनी सूर दिले. तिने दोन खुंट्या फिरवल्या, तारा ऐकल्या, खुंट्या पुन्हा किंचित फिरवल्या. बाकीच्या चार जशा होत्या तशाच बेसूर. म्हणजे गाणं संपेपर्यंत त्यांना चुकूनही हात लागायला नको, आणि तिच्या हाताला सवय सहाची!

"कुठे राहायला गेलोय आपण?" तिने हळूच विचारलं. मास्तरांनी डाव्या हाताने घराची कॉर्ड एकदा वाजवली. तिने डोळे मिटले, माझ्या मानेवर बोट सरकवत सरकवत घर शोधलं, आणि मान हलवली.

गल्ली. दार. घर. एक बोट थांबलं, एक सरकलं. बास खालून आडनाव सांगत होता, आम्ही वरून फक्त मूड. मागून मामाचा आवाज आला, "अगं जाड तारा! जाड तारा!" तिचा अंगठा जाड तारेवर आला, टेकला. अंगठा उठला. तिने मामाचं ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग मधला भाग आला. तिथे हे गाणं भलत्याच घरी पाहुणं म्हणून जातं. पहिल्या वळणावर ती बरोबर होती, दुसऱ्यावर चुकली. बोटं हवेत थांबली. बाई गातच होत्या, खांबकाकांचा बास चालतच होता. पेटीची दुसरी कडी उघडल्याचा आवाज मी ऐकला. भाचीने आंधळेपणाने काहीतरी वाजवून दिलं असतं, तर सगळं कोसळलं असतं. तिने काहीच वाजवलं नाही. नुसतं ऐकलं. बास पाचव्यावर आला, किल्ली शोधायच्या जागी, आणि ती तिथे दारातच त्यांना भेटली. सगळे मिळून घरात शिरले.

गाणं संपलं. मालकाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खांबकाकांकडे बघू लागले. खांबकाकांनी आपलं वाद्य भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "माझ्या पायात पायात येत नाही पोरगी."

त्यांचं यापेक्षा मोठं भाषण कोणी ऐकलेलं नाही. मालक उठला. "शनिवारपासून पाठवा मग," म्हणाला आणि घड्याळ बघत गेला. चाकांची पेटी गडगडत दाराबाहेर पडली.

मामा पुढे आला. भाची उभीच होती. "मामा, रागावलास?"

मामाने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "हे गाणं मी किती वर्षं वाजवलं," तो म्हणाला. "याला इतके चांगले शब्द आहेत, हे मला आज कळलं."

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरात एखादं वाद्य असेल तर त्याला उन्हात ठेवू नका, त्याच्यावर नॅपकिन वाळत घालू नका, आणि घाईत त्याचे कान पिळू नका. त्यातली एखादी तार गप्प असली, तर ती रुसलीय असं लगेच समजू नका. शेजारी कोणीतरी गात असेल. ती ऐकत असेल.