समोरच्याची बाजू

वकिलांच्या खोलीत सरांना 'तराजू' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं. "तराजूला चहा घेणार का विचारून बघा," कुणीतरी म्हणायचं, "आधी कॉफीची बाजू मांडेल, मग निकाल राखून ठेवेल." सर दाराबाहेर हे ऐकायचे आणि आत शिरण्याआधी उगाच खाकरायचे.

सगळी हयात त्यांनी राज्यघटनेवर घालवली होती. त्यांच्या ग्रंथाचे खंड प्रत्येक न्यायाधीशाच्या कपाटात होते. खटले मात्र ते बहुतेक हरत, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. वर्गात ते एकच गोष्ट घोटून घेत: समोरच्याची बाजू अशी मांडा, की ती ऐकून त्याने स्वतःचा वकील काढून तुम्हाला नेमावं. त्यानंतर तुमच्याकडे जे उत्तर उरेल तेवढंच खरं. बाकी नुसता आरडाओरडा.

मग त्यांच्या जावयाला उचललं.

जावई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होता. शहराच्या पाण्यात शिसं आहे, हे त्याने वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी मनावर घेतलं नाही, तेव्हा वर्तमानपत्राला सांगितलं. सुरक्षा कायद्याखाली तो स्थानबद्ध झाला. ना आरोप, ना खटला. कारण विचारण्याचा अधिकार न्यायालयालासुद्धा नाही, असं सरकारचं म्हणणं. सर्वोच्च पीठापुढे सुनावणी होती ती एवढ्याच मुद्द्यावर. न्यायमूर्तींनी 'अधिकार आहे' म्हटलं असतं, तर सरकारला कारण दाखवावं लागलं असतं, आणि दाखवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. जावई घरी आला असता.

"बाबा, दुसरा वकील बघू या," लेक म्हणाली. "एखादा भांडकुदळ."

"अगं, या कलमावर माझ्याइतका अभ्यास कुणाचा आहे?"

"म्हणूनच म्हणतेय."

सरांना ती थट्टा वाटली.

सरकारी वकील सरांचाच जुना विद्यार्थी होता, आळशीपणाबद्दल नावाजलेला. त्याच्या पुढ्यातल्या कागदांची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. सर उठले, चष्मा पुसला आणि जन्मभराच्या सवयीने म्हणाले, "माझ्या विद्वान मित्रांची बाजू आधी मांडतो, म्हणजे मला तिला उत्तर देता येईल."

आणि त्यांनी ती मांडली. कारण विचारणं सोपं आहे, ते म्हणाले, पण मिळालेलं कारण खरं की खोटं हे तपासायला न्यायाधीशाकडे ना माणसं असतात, ना माहिती. त्याने चुकून एखाद्याला सोडलं आणि त्यापायी माणसं मेली, तर त्याला जाब कोण विचारणार? मंत्र्याला निदान मतदार घरी बसवू शकतात. म्हणून असा निर्णय ज्याला घरी बसवता येतं त्याच्याच हाती असावा.

मधले न्यायमूर्ती आधी लिहायचे थांबले, मग भराभर लिहू लागले. सरांना खूप दिवसांनी भरल्या वर्गात शिकवल्यासारखं वाटत होतं. शब्द आपसूक येत होते. बाजू पुरी झाली आणि पीठ जेवणासाठी उठलं.

लेकीने त्यांना व्हरांड्यात गाठलं. "बाबा, तुम्ही नक्की कुणाचे वकील आहात?"

"आता पाडायचंच आहे ना ते. आधी बांधल्याशिवाय पाडणार काय?"

"पाडायचं घर इतकं पक्कं बांधतं का कुणी?"

सर पुन्हा उभे राहिले ते जेवून सुस्तावलेल्या पीठापुढे. आत टाकण्याचं कारणच लपवलं, तर मतदार मंत्र्याला घरी बसवणार कशाच्या जोरावर, त्यांनी विचारलं. सरकारबाहेरच्या एका तरी माणसाने ते कारण पाहायला नको का?

"आम्ही पाहू हो," मधले न्यायमूर्ती म्हणाले, "पण ते खरं की खोटं आम्हाला कळणार कसं? मघाशी तुम्हीच सांगितलंत, आमच्याकडे तपासायला काही नसतं."

सर बोलले. बरंच बोलले. पण सकाळचं एकेक वाक्य जितकं सरळ उतरलं होतं, तितकं यातलं एकही उतरलं नाही. त्यांचं त्यांनाच ते कळत होतं.

सरकारी वकील जेमतेम उठला. "सरांनी माझी बाजू माझ्यापेक्षा कितीतरी चांगली मांडलीय. मी ती जशीच्या तशी स्वीकारतो, महोदय. मला आणखी काही सांगायचं नाही." कागदांची दोरी तशीच राहिली.

निकाल विरुद्ध गेला. त्याच्यावर अपील नव्हतं. आत असलेल्या बाकी सगळ्यांची दारंही त्याच निकालाने बंद झाली. त्यातला मुख्य परिच्छेद म्हणजे सरांचं सकाळचं बोलणं होतं. न्यायमूर्तींनी काना-मात्रासुद्धा बदलली नव्हती.

तुरुंगात भेटीच्या खोलीत मधे जाळी होती. जावयाने निकालाची प्रत वाचायला मागितली होती. शिपायाने ती उलटून-पालटून बघितली आणि आत दिली. तो ओळीवर बोट ठेवून वाचत गेला, प्रयोगशाळेत अहवाल वाचायचा तसा.

"बाकीचं डोक्यावरून गेलं," तो म्हणाला. "पण हा परिच्छेद लख्ख आहे. हा वाचला की वाटतं, आपल्याला इथे ठेवण्यात काहीतरी तथ्य असेल. कुणी लिहिलाय?"

लेक भिंतीकडे बघत राहिली.

"मी," सर म्हणाले.

"तुम्ही? मग बरोबर असणार." त्यात टोमणा नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"नाही, नाही, ऐक. त्याला उत्तर आहे." सर जाळीजवळ सरकले आणि दुपारचं सगळं पुन्हा मांडू लागले. मतदार, लपवलेलं कारण, बाहेरचा एक तरी माणूस. जावई मान तिरकी करून मन लावून ऐकत होता. सर थांबले, तेव्हा तो जरा संकोचून म्हणाला, "पण बाबा, न्यायाधीशांना ते कारण खरं की खोटं कळणार कसं? त्यांच्याकडे कुठे प्रयोगशाळा असते?"

लेकीने पहिल्यांदाच वळून वडिलांकडे पाहिलं. शिपाई किल्ल्या वाजवत दाराशी येऊन उभा राहिला.

"जेवण बरं असतं का रे इथलं?" सरांनी विचारलं.