बाप्या माणसाचा वास

छावणीत दुपारी बारानंतर काही घडत नसे. शिरूर कासारजवळच्या माळावर दूध संस्थेने जनावरांची छावणी उघडली होती. साडेपाचशे जनावरं एका तालात रवंथ करत आणि त्यांचे मालक पाचटाच्या सावलीला पेंगत. आषाढ निम्मा सरला होता. ढग यायचे, सगळ्यांना माना वर करायला लावायचे आणि निघून जायचे. अशा दुपारी आश्रुबाला डोळे उघडे असतानाही स्वप्नं पडत, आणि त्यांत बहुतेक वेळा पांढरे उंदीर असत.

हसू नका. आश्रुबाने नऊ वर्षं उंदीर सांभाळले होते. बीडच्या एका औषधशास्त्राच्या कॉलेजात तो उंदरांच्या खोलीचा शिपाई होता. दुष्काळात कॉलेजचे टँकर बंद झाले, खोलीला कुलूप लागलं आणि गडी गावाकडे आला. तिथल्या मॅडम दुखण्यावर संशोधन करत. उंदराच्या मांडीतली नस रेशमी दोऱ्याने सैलसर बांधायची आणि कातडं शिवून टाकायचं. आठवड्यात जखम भरून यायची, वर केस उगवायचे, उंदीर खाऊनपिऊन मजेत दिसायचा. पण तळपायाला केसाएवढी तार नुसती टेकवली, की पाय झटक्यात वर!

"नसेच्या भिंतीत बारीक दारं असतात, आश्रुबा," मॅडम सांगत. "त्यांतून मीठ आतबाहेर करतं आणि दुखल्याची खबर मेंदूला जाते. एकदा नस बिघडली की ती दारं नीट मिटत नाहीत. जखम बरी झाली तरी खबर जातच राहते."

आश्रुबाला हे इतकं पटलं होतं, की बसस्टँडवर अनोळखी माणसाला धरून तो मिठाची आणि दारांची गोष्ट ऐकवायचा. त्या माणसाची गाडी सुटली तरी याचं चालूच. घरी मात्र हे सगळं ज्ञान त्याने चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवलं होतं.

घरी बायको सुंदरबाई होती. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतल्या बहुतेक बायांनी गर्भपिशवी काढून टाकली होती, कारण फडात महिन्याचे चार दिवस बसून राहायची सोय नसते. तिशी गाठायच्या आतच सुंदरबाईनेही काढली. त्यानंतर ती म्हणाली होती, "पोटात वढ बसतीया हो." आश्रुबाने तिला शहाणपणाने समजावलं होतं, "अगं, पिशवीच न्हाई ऱ्हायली, तर दुखंल काय?" डॉक्टरही तेच म्हणाले. मग ती बोलायची थांबली. ती थांबली म्हणजे दुखणंही थांबलं, असं आश्रुबाने धरून चाललं. तो कॉलेजात लागल्यावर ती आपल्या विधुर भावाच्या जोडीने तोडीला जात राहिली.

यंदा मात्र नवराबायकोनेच जायचं ठरलं होतं. टोळीचा मुकादम धर्मराज शनिवारी छावणीत येऊन नावं लिहिणार होता. तोडीत कोयता म्हणजे जोडी, एकट्या गड्याचं नाव कोणी लिहीत नाही. आश्रुबाने तोंडाने हो म्हणून टाकलं होतं, सुंदरबाईनेही मान हलवली होती.

शुक्रवारी दुपारी आश्रुबा टाकीवरून पाणी घेऊन रोजच्या वाटेने न येता उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या ढिगामागून आला. वारा समोरून होता. ढिगाच्या फटीतून त्याला त्यांची गाय दिसली आणि गाईशेजारी सुंदरबाई. तिने चारी बाजूंना पाहिलं. कोणी नव्हतं. मग ती पालथी पडली, पोट आत ओढून घेतलं आणि पाय मागे ताणले. पावलं आत वळली. थोडा वेळ तशीच राहिली, सैल झाली आणि पुन्हा ताणली. तोंडातून एक बारीक आवाज येत होता. पिशवी काढल्यापासूनच्या चौदा वर्षांत आश्रुबाने तो ऐकला नव्हता.

त्याला कळायच्या आत त्याने मोजायला सुरुवात केली होती. एक, दोन, तीन. पोटातलं दुखणं तपासताना उंदराच्या पोटात औषध टोचत, आणि उंदीर नेमका असाच लांब होई, मागचे पाय असेच ताणी. किती वेळा ताणतो ते आश्रुबा वहीत लिहायचा. त्याची नोंद कधी चुकत नसे. मॅडम कौतुक करत. सतरा.

आणि मग त्याला ते आठवलं. तो खोलीत असला की उंदीर कमी ताणत. मॅडमनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि त्याला बाहेर उभं केलं. "बाप्या माणसाचा वास आला की ही दुखणं दाबून धरतात," त्या म्हणाल्या. त्याचा घामट सदरा पिंजऱ्यांजवळ टांगून बघितला, तर नुसत्या सदऱ्यालाही उंदीर तसेच दबले. आश्रुबाने ही गंमत चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितली होती. लई हसले होते सगळे.

बादलीची कडी वाजली. सुंदरबाई क्षणात उठली, धूळ झटकली, पदर सारखा केला आणि हसली. "कवा आलाव? गाईला वाढं टाकलंय म्या."

"आत्ताच," आश्रुबा म्हणाला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की पाणी गाईपुढे ठेवायचं सोडून तो बादली हातात धरून उभा राहिला.

त्या दुपारी छावणी जागची हलली आणि हळूहळू तरंगायला लागली. जनावरं पांढरी झाली, त्यांच्या कानांतले बिल्ले चकाकले, वाढ्यांची सळसळ दूरच्या पाण्यासारखी ऐकू आली. सगळीकडे छोटी छोटी दारं होती, उघडी, आणि प्रत्येक दारातून सुंदरबाई हसत बाहेर येत होती. आश्रुबा एकेक दार लोटून पाहत होता. एकही मिटत नव्हतं.

शनिवारी धर्मराज मोटारसायकलवर आला आणि संस्थेच्या पाटीखाली बाजेवर बसला. "वैनी, तब्येत बरी हाय न्हवं?"

"मला काय धाड भरलीया?" सुंदरबाई हसून म्हणाली.

"लिहू नका आमचं नाव," आश्रुबा म्हणाला.

"कावून?"

"हिच्या पोटात दुखतंय."

सुंदरबाईने त्याच्याकडे रागाने पाहिलं. "कोन म्हनलं? काय बी बोलतेत हे."

"वैनी तर हसतिया," धर्मराज म्हणाला. "उंदरांत राहून तूच आळशी झालास बे." आजूबाजूचे गडी खो खो हसले.

"हसतिया म्हनूनच सांगतुय. कोन बघत नसलं की पालथी पडती. काल ढिगामागून म्या सोता बघितलंय."

सुंदरबाईचं हसू गेलं. धर्मराजने खांदे उडवले, अर्धी लिहिलेली आश्रुबाची ओळ खोडली आणि पुढच्या गोठ्याकडे वळला. गड्यांचं हसणंही त्याच्यामागे गेलं.

"आता खायाचं काय?" तिने विचारलं.

"त्ये बघू," आश्रुबा म्हणाला. काय बघणार ते त्याला ठाऊक नव्हतं. तो उठला. "तू पड जरा. मी जातो तिकडं."

"कुठं चाललाव? बसा हितंच."

तो बसला. बराच वेळ ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"म्या सांगितलं हुतं तुमाला," ती म्हणाली. "तीन बार."

आश्रुबाला एकच आठवत होतं. त्याने खूप आठवून पाहिलं, तरी एकच.

"बाकीचं दोन कवा, सुंदर?"

ती त्याच्यासमोर, भर छावणीत, हळूच पालथी पडली. गाल मातीला टेकवला, पाय ताणले, कण्हली आणि दम लागत लागत सांगायला लागली.